सुटीचे पाणी कोणाचे?

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-पुण्याची निम्मी गर्दी रायगडच्या दिशेने निघते, असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरणार नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारगाडीसकट समुद्र ओलांडणे शक्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे नेणारा अटल सेतू खुला झाला. पूर्वी अलिबागला जायचे तर पहाटे उठून डबे बांधावे लागत. आता दुपारी कचेरीतून परतलेले कुटुंब रात्रीच्या जेवणाला किहीमला किंवा नागावला पोहोचते. आजी-आजोबा, मुले, शेजारच्या काकू, सगळेच या सहलीत सामावतात. वर्षभर राबणाऱ्या माणसाने दोन दिवस पाण्याकाठी काढावेत यात वावगे काहीच नाही. उलट, ज्या पिढीने सुटी म्हणजे फक्त गावची जत्रा एवढेच पाहिले, तिच्या नातवंडांना समुद्र भेटतो आहे, ही आनंदाचीच गोष्ट.

प्रश्न या आनंदाचा नाही, त्याच्याखाली वाहणाऱ्या पाण्याचा आहे. कोलाडची तराफा सफर असो, बंगल्यातला पोहण्याचा तलाव असो, की समुद्रस्नानानंतर अंगावरची वाळू धुणारा शॉवर असो, हे सारे पाणी कोठून तरी आलेले असते. ते कोणी साठवले, कोणासाठी साठवले, आणि आपल्या वाट्याला येण्यापूर्वी ते कोणाच्या वाट्याचे होते, हा हिशेब सहलीच्या खर्चात कोणी धरत नाही. तो एकदा मांडून पाहायला हवा.

वीज सुटली की नदी वाहते

कोलाडपासूनच सुरुवात करू. कुंडलिका नदीत तराफ्यावरून उसळत जाण्यासाठी शेकडो कुटुंबे तेथे येतात. सकाळी लवकर या, पाणी सुटले की निघायचे, असे त्यांना सांगितले जाते. ऐन एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या दगडांच्या रांगा होऊन पडलेल्या असतात, तेव्हा कुंडलिका मात्र सकाळी दुथडी वाहताना पाहून मुलांना निसर्गाची कमाल वाटते. ही कमाल निसर्गाची नाही. हे पाणी घाटावरून येते, मुळशीच्या धरणातून.

पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांनी बांधलेल्या धरणाचे पाणी पूर्वेकडे, म्हणजे आपल्या नैसर्गिक वाटेने भीमेकडे न जाता बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते. त्या कोसळण्यातून रायगड जिल्ह्यातील भिऱ्याच्या वीजगृहात वीज तयार होते. काम संपलेले पाणी कुंडलिकेत येते. मुंबईला विजेची गरज जशी लागेल तसे जनित्र फिरते आणि जनित्र फिरेल तशी नदी वाहते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी ते शेतीला मिळते, धाटावच्या कारखान्यांना मिळते आणि उरलेले रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाते. म्हणजे कोर्लईच्या किल्ल्यावर उभे राहून खाडीचे मुख पाहणाऱ्या पर्यटकासमोर जे पाणी समुद्राला मिळते, त्यातला काही भाग जन्माने बंगालच्या उपसागराकडे जायला निघालेला होता.

रायगड जिल्ह्यात अशी तीन ठिकाणे आहेत. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. मुंबईच्या गिरण्या, ट्राम, लोकलगाड्या या विजेवर चालल्या. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याचा आकडा वर्षाला सुमारे ४२ टीएमसी असा मान्य केला. भीमेच्या खोऱ्यात, सोलापूरकडे, दुष्काळ पडला की हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्या अशी मागणी उठते. मग कोकणातून उत्तर येते की आमच्या नद्या, आमच्या पाणीयोजना आणि आमचे कारखाने आता या पाण्यावर उभे आहेत. दोघांचेही म्हणणे खरे आहे. तराफ्यातल्या कुटुंबाला मात्र आपण शंभर वर्षांच्या एका वादावर तरंगतो आहोत, हे ठाऊक नसते.

बुडालेली गावे

हा वाद सुरू झाला तेव्हा तो केवळ पाण्याचा नव्हता, जमिनीचा होता. मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे या धरणात जाणार होती. भाताची खाचरे, देवळे, घरे, सारेच. शेतकऱ्यांची संमती न घेताच कंपनीने जमिनीत चर खणायला सुरुवात केली, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात उतरले, तुरुंगात गेले. लढा काही वर्षे चालला आणि अखेर हरला. धरण झाले. मुंबई उजळली. धरणाविरुद्ध विस्थापितांनी केलेल्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत आज मुळशीचे नाव घेतले जाते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात.

आज त्याच मुळशीच्या काठावर पावसाळ्यात धबधबे पाहायला आणि कणीस खायला रांगा लागतात. तीच गोष्ट कोयनेची. शिवसागर जलाशयाच्या काठावरचे तापोळे आता नौकाविहारासाठी प्रसिद्ध आहे. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन थेट रायगड जिल्ह्यात झाले, याची दाद मात्र नौकेत बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की उजनीच्या जलाशयातून पळसदेवचे जुने देऊळ डोके वर काढते, भाटघरच्या पाण्यातून कांबरेश्वर. त्या वेळी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, लोक बघायला जातात. पाऊस पडला की देऊळ पुन्हा बुडते आणि आठवणही.

वाळवंटातला तलाव

हे केवळ आपल्याकडेच घडले असे मुळीच नाही. मुळशीत सत्याग्रह चालू होता त्याच सुमारास, नोव्हेंबर १९२२ मध्ये, अमेरिकेतील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा करार केला. त्याच्या आधारे पुढे भर वाळवंटात दोन अजस्र जलाशय उभे राहिले. हूव्हर धरणामागचा लेक मीड १९३० च्या दशकातला. ग्लेन कॅन्यन धरणामागचा लेक पॉवेल १९६३ पासून भरू लागला आणि पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. लेक पॉवेलच्या वेड्यावाकड्या काठाची लांबी, तो पूर्ण भरलेला असताना, सुमारे तीन हजार किलोमीटर भरते. आजवर ७२० किलोमीटर सांगितल्या जाणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या चौपट! तांबड्या कड्यांच्या मधून निळे पाणी, त्यावर तरंगणारी घरे. अमेरिकेतील कुटुंबे तेथे आठवडा-आठवडा राहतात. तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही लास व्हेगासला आलेल्या आईवडिलांना हूव्हर धरण दाखवल्याशिवाय परत पाठवत नाहीत.

पण त्या कराराच्या मुळाशी एक चूक होती. नदीच्या पाण्याचा अंदाज बांधला गेला तो नेमका चांगल्या पावसाच्या वर्षांवरून. कागदावर जेवढे पाणी वाटले गेले तेवढे नदीत नव्हतेच. त्यात २००० सालापासून दीर्घ अवर्षण आले. २०२१ च्या उन्हाळ्यात लेक पॉवेलवरील नौका उतरवण्याचे धक्के पाण्यापासून दूर राहिले आणि तरंगती घरे पाण्यात सोडणे बंद करावे लागले. जुलै २०२२ मध्ये लेक मीडची पातळी तो पहिल्यांदा भरला तेव्हापासूनच्या नीचांकावर गेली. कड्यांवर पांढरा पट्टा उमटला, आंघोळीच्या टबात साबणाचा राहतो तसा. मेक्सिकोतील मुखापर्यंत तर ही नदी बहुतेक वर्षी पोहोचतच नाही.

तेथल्या सहलीवाल्यांना पाण्याचा हिशेब कळला तो सहल बंद पडली तेव्हा. शेतकऱ्याला, आदिवासी जमातींना आणि नदीच्या टोकाशी राहणाऱ्यांना तो कितीतरी आधी कळला होता. धडा घ्यायचा तो एवढाच, की जलाशय भरलेला दिसतो तोवर पाण्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही आणि तो रिकामा दिसू लागतो तेव्हा उत्तर द्यायला उशीर झालेला असतो.

खाऱ्या पाण्याचे वाळवंट

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या वाळवंटाशी आपल्या कोकणाचा काय संबंध? येथे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, उतारावरून धावतो आणि समुद्राला मिळतो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी किनाऱ्यावरच्या माणसासमोर पाणीच पाणी असते, पण पिण्याचे नव्हे. तहानलेल्याला समुद्र आणि वाळवंट यांत फारसा फरक नाही.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. मुरूडजवळ चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. तटबंदी आणि तोफा पाहून पर्यटक चकित होतात. खरे तर तो किल्ला शतकानुशतके अजिंक्य राहिला त्यात तोफांइतकाच वाटा या तलावांचा असणार, कारण वेढा पडल्यावर तोफेआधी माणसाला पाणी लागते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गणपतीच्या देवळाजवळ पुष्करणी आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या राहिल्या त्या वाडीतल्या विहिरीवर आणि तिच्यावरच्या रहाटावर. रहाट दिवसभर फिरूनही विहीर आटत नसे आणि खारटही होत नसे.

याचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. शंभरावर वर्षांपूर्वी युरोपातील अभ्यासकांनी त्याचे ढोबळ गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा. उपसा करून वरची पातळी एक फुटाने खाली नेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. रहाट हळूहळू उपसत असे आणि रात्री विश्रांती घेत असे. पंप तसे करत नाही. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. आणि खारे पाणी कुंपण पाहून थांबत नाही. उपसा एका बंगल्याचा असतो, पण मचूळ होते ती शेजारच्या वाडीची विहीर.

पोहण्याचा एक लहानसा तलाव घ्या. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरला थोडा कमी खोल. त्यात साठ हजार लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले. त्या प्रमाणाने हा एक तलाव म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचे सात महिन्यांचे पाणी. अर्थात तलाव रोज भरत नाहीत, पाणी गाळून पुन्हा वापरतात, हेही खरे. पण उन्हात होणारी वाफ, सफाईत जाणारे पाणी, भोवतालची हिरवळ, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी हे सारे धरले तर एका बंगल्याची तहान एखाद्या वाडीच्या तहानेला भारी पडते. आणि ती सर्वांत जास्त लागते ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरीने तळ गाठलेला असतो तेव्हाच.

धरणे आहेत, पण कोणासाठी?

मग धरणांचे पाणी द्यावे, हा उपाय सुचतो. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा नवी मुंबईच्या वसाहतींकडे जातो. पण त्याच तालुक्यातील खारेपाटातील, वाशी-शिर्कीकडील गावे वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्यासाठी मोर्चे काढत आली आहेत. धरणाच्या तालुक्यातील बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते, हे दृश्य कोणा एका सरकारच्या काळातले नाही.

अलिबाग तालुक्यात रामराजजवळ उमटे धरण आहे. कितीतरी गावांची तहान त्यावर अवलंबून, पण गाळ साचत गेला आणि मागणी वाढत गेली. त्याच परिसरात सांबरकुंड धरणाला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. ते पुनर्वसनाच्या प्रश्नात चार दशके अडकले. कागदावर या धरणाचे पाणी अलिबागच्या शेतीला आणि गावांना कधीचेच मिळून चुकले. ज्या आदिवासी वाड्या त्यात जायच्या आहेत, त्यांच्या नशिबी मात्र आले ते अधांतर. घर दुरुस्त करावे तर ते बुडणार, आणि सोडावे तर नवे मिळालेले नाही. मुळशीत झाले ते बळजबरीने झाले. येथे छळ झाला तो दिरंगाईचा. सोसणारा माणूस दोन्हीकडे तोच.

पाहुणा नको असे नाही

या सगळ्यावरून पर्यटकच खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. मासेमारीवर जगणे कठीण होत चालले आहे, भातशेती परवडेनाशी झाली आहे. अशा वेळी घरातली एक खोली पाहुण्यांना देऊन, तांदळाची भाकरी आणि सुरमईचे कालवण वाढून कित्येक बायकांनी मुलांची शिक्षणे केली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. त्या मधल्या काळात अनेक घरे उभी राहिली ती पाहुण्यांच्या पैशावर. त्याच वादळाने आणखी एक गोष्ट दाखवली. वीज दिवसेंदिवस नव्हती, पंप बंद पडले आणि भरलेल्या विहिरींच्या काठावर लोक पाण्यासाठी हवालदिल झाले. रहाट कधीच गेले होते.

पाण्याचा हिशेब न कळणे पाहुण्यालाही महागात पडते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. भरती-ओहोटी कधी, पाण्याला ओढ कोणत्या बाजूची, वर पाऊस झाला तर खाली पाणी किती वेळात चढते, हे गावातला शेंबडा पोरही सांगू शकतो. पण त्याला कोणी विचारत नाही. पाणी म्हणजे आपल्या करमणुकीसाठी मांडून ठेवलेली वस्तू, हा समज घेऊन आलेला माणूस गावाचे पाणीही बिनहिशेबी वापरतो आणि स्वतःच्या जिवालाही बिनहिशेबी धोक्यात घालतो. दोन्हींचे मूळ एकच.

मग करायचे काय?

काही गोष्टी सरकारच्या आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात भूजलाच्या उपशावर निर्बंध आहेत आणि मोकळीक आहे ती स्थानिकांच्या पिण्यासाठी, बागायतीसाठी, मासेमारीसाठी. राज्याचा भूजल कायदाही आहे. नवा कायदा नको, असलेला पाळला तरी पुष्कळ. बंगल्याला परवानगी देताना खोल्या किती हे विचारतात, तसेच पाणी कोठून आणणार हे विचारायला हवे. पोहण्याचा तलाव हवा तर छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आधी बांधा, अशी अट घालता येईल. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते. ते ओढ्यात सोडून देऊन मे महिन्यात टँकर मागवणे याला काय म्हणावे?

काही गोष्टी ग्रामपंचायतींच्या आहेत. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत देवळाजवळ तळे आहे. त्यातला गाळ काढणे, विहिरींचे पाणी दर उन्हाळ्यात खारटपणासाठी तपासून त्याचा आकडा चावडीवर लावणे, याला काही फार मोठा निधी लागत नाही. आणि जे पाणी आधीच वळवले गेले आहे, त्यातला पहिला हिस्सा ज्यांच्या दारावरून ते जाते त्यांचा, हे तत्त्व हेटवण्यापासून कुंडलिकेपर्यंत मान्य व्हायला हवे.

राहता राहिले आपण, सहलीला जाणारे. आपण काही फार मोठा त्याग करावा असे कोणी म्हणत नाही. मुक्कामाची जागा ठरवताना तलाव आहे का, हे आपण हटकून विचारतो. त्याच्या जोडीला पाणी कोठून येते, एवढेच विचारून पाहावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्या वेळी मालक उत्तर तयार ठेवतो. कोलाडला जाताना मुलांना मुळशीची गोष्ट सांगावी. जंजिऱ्यात तोफ दाखवून झाल्यावर त्या दोन तलावांपाशीही पाच मिनिटे उभे राहावे. सुटीचा आनंद याने कमी होत नाही.

पाहुण्याला दारात आल्याबरोबर पाणी विचारण्याची आपली रीत आहे. किनाऱ्यावरची माणसे ती अजून पाळतात, मे महिन्यातही पाळतात. तो तांब्या भरून आणायला कोणाला किती लांब जावे लागले, एवढे पाहुण्यानेही विचारण्याची रीत आता पडायला हवी.